सव्वादोनची बांगडी

"हर्षदा, कणीक काढ," बाई म्हणाल्या.

मी पिशवीतून छोटा डबा काढला. त्यातली कणीक खायची नव्हती. सरनाईक बाईंनी चिमूटभर घेऊन ती समोरच्या काळ्या दरडीवर दाबली, तिच्यावर हिरवी काचेची बांगडी चिकटवली आणि मागे सरकल्या. अर्घ्य कंत्राटदाराच्या शिडीवर कॅमेरा धरून उभा होता.

"कशी दिसते?"

"थोडा लांबट दिसतो," अर्घ्य म्हणाला.

"मग तू वाकडा आहेस. सरळ हो."

अर्घ्यने शिडीवरच पाय सारखे केले. "आता गोल."

"आता काढ."

दगडाच्या फोटोत मापासाठी काहीतरी ठेवावंच लागतं. कुणी हातोडा ठेवतं, कुणी पेन, कुणी नाणं. त्याशिवाय समोरचा दगड डोंगराएवढा आहे की सुपारीएवढा, हे पाहणाऱ्याला कळत नाही. आमच्या बाई बांगडी ठेवत. हातोडा तिरका पकडला तरी हातोडाच दिसतो, त्या म्हणत, पण कॅमेरा जरा तिरका झाला की बांगडी लगेच लांबट होऊन चुगली करते. कारण पटण्यासारखं होतं. मी कधी दुसरं कारण विचारलं नाही.

हळवणीच्या घाटात रस्ता रुंद करायला दरड कापली होती आणि आत लाव्हाची बोटं उघडी पडली होती. पातळ लाव्हा वाहताना वरून निवतो, त्याला साल धरते, मग आतला लाव्हा ती साल फोडून नवं बोट पुढे काढतो. अशी शेकडो बोटं एकावर एक रचून ती दरड झाली होती. प्रत्येक बोटाच्या सालीची जाडी मोजली की ते निवायला किती वेळ लागला ते सांगता येतं. माझा सगळा प्रबंध त्या सालींवर उभा होता.

"मॅडम, सुरुंग भरल्यात," खालून मुकादम ओरडला. "आटपा आता."

"आटपलंच. एवढी पाच बोटं."

"माझीच धा हायत मॅडम. ती ऱ्हाऊ द्या."

बाई हसल्या, बांगडी पुढच्या जागी लावली, अर्घ्यने न सांगता अंग सरळ केलं. आम्ही खाली उतरून वळणाच्या पलीकडे पोचलो आणि डोंगर हादरला. टेप लावून मोजायला वेळ मिळालाच नव्हता. उरले ते फोटो आणि त्या प्रत्येक फोटोतली एक हिरवी बांगडी.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता आमचा लेख एका परदेशी नियतकालिकातून परत आला. नाकारलेला नव्हता, स्वीकारलेलाही नव्हता. सोबत दोन परीक्षकांची टिपणं होती. पहिल्याने कौतुक केलं होतं आणि स्वल्पविराम सुधारले होते. दुसऱ्याने तीनच गोष्टी विचारल्या होत्या. दोन गोष्टींची उत्तरं मी एका बैठकीत लिहिली. तिसरी अर्घ्यने प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून दाखवली.

"लेखकांची सर्व मोजमापं छायाचित्रांतील एका बांगडीवर अवलंबून आहेत. तिचा आतला व्यास सत्तावन्न मिलिमीटर असल्याचं लेखक म्हणतात. का म्हणतात, ते सांगत नाहीत. बांगड्या निरनिराळ्या मापांच्या असतात, हे माझ्या पत्नीकडून मला कळलं आहे. ही बांगडी पट्टीवर ठेवून तिचा फोटो पाठवावा, किंवा मूळ जागी जाऊन पुन्हा मोजमाप करावं. अन्यथा लेख स्वीकारता येणार नाही."

"बायकोला विचारलंन," मी म्हटलं.

"चांगला परीक्षक आहे," अर्घ्य म्हणाला.

तो खरोखर चांगला होता. सालीची जाडी दहा टक्क्यांनी चुकली तर निवण्याचा वेळ वीस टक्क्यांनी चुकतो. त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. आमच्या इथल्या नियतकालिकांत बाईंचे कितीतरी लेख त्याच हिरव्या बांगड्या घेऊन छापले होते, पण कुणी माप विचारलं नव्हतं. सव्वादोनची बांगडी म्हणजे सव्वादोन इंच, हे इथे प्रत्येकाच्या घरात माहीत असतं.

उत्तर द्यायला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मुदत होती. बाई पदवीच्या मुलांना घेऊन लडाखला गेल्या होत्या, तिथे फोन लागत नव्हता. त्या डिसेंबरात निवृत्त होणार होत्या. तोवर एक लेख स्वीकारला गेला तरच विद्यापीठ माझा प्रबंध घेणार होतं. नाहीतर मी जाणार होते दुसऱ्या मार्गदर्शकांकडे, आणि ते मला एकदा जिन्यात म्हणाले होते, "लाव्हाची बोटं मोजता? नखं पण आहेत का त्यांना?"

म्हणून आम्ही कामं वाटून घेतली. घाटात काही शिल्लक आहे का ते मी पाहून यायचं. अर्घ्यने बाईंच्या घरी जाऊन बांगडीचा फोटो काढायचा. बांगडी घरीच होती. चुड्यातली ती शेवटची उरली होती, म्हणून बाईंनी ती लडाखला नेली नव्हती. घरी त्यांच्या सासूबाई असत. बाई त्यांना आत्याबाई म्हणत, आम्ही आजी.

"आजींशी नीट बोल," मी अर्घ्यला बजावलं. "आणि मला यायला उशीर झाला तर तिसरं उत्तर तू लिही. फोटो जोड आणि पाठवून दे."

"माझा मराठी आता चांगला आहे," तो म्हणाला.

अर्घ्य मैती बंगालमधल्या मेदिनीपूरचा, माझ्यासारखाच बाईंचा संशोधक विद्यार्थी. कोल्हापुरात चार वर्षं राहून तो मराठी भरभर बोलायचा. फक्त त्याच्या मराठीत माणसं सोडून सगळं जग पुल्लिंगी होतं.

घाटात काहीच उरलं नव्हतं. दरडीवर लोखंडी जाळी ठोकून तिच्यावर सिमेंट फवारलेलं होतं. मी टेप हातात घेऊन त्या करड्या भिंतीसमोर थोडा वेळ उभी राहिले. मग परतीची एसटी वाटेत बंद पडली, मोबाइलला रेंज नव्हती, आणि मी शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत पोचले तेव्हा अर्घ्य खुशीत चहा ओतत होता.

"पाठवला," तो म्हणाला. "वेळेच्या आधी."

"फोटो चांगला आला?"

"फोटो नाही. पण उत्तर चांगला लिहिला."

मी संगणकापुढे बसले. अर्घ्यचं इंग्रजी उत्तम होतं. तिथे असं लिहिलं होतं:

'बांगडीचा फोटो जोडता येत नाही याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कारण दरम्यानच्या काळात ती वाढली आहे. ती मूळची सव्वादोन इंचांची होती. तिच्या मालकिणीच्या कुटुंबीयांच्या म्हणण्यानुसार वाढ लक्षणीय आहे. मात्र आमची छायाचित्रं या वाढीच्या आधीची असल्याने मोजमापांवर तिचा परिणाम होत नाही.'

मी ते पुन्हा वाचलं.

"अर्घ्य, आजी नक्की काय म्हणाल्या?"

"मी फोन केला. म्हटला, फोटो काढायला येतो. आजी बोलली, येऊन काय करतोस बाबा, बांगडी वाढली."

"मग?"

"मला पण आश्चर्य वाटला. काच कसा वाढेल? म्हणून मी विचारला, किती वाढली?"

"आणि?"

"आजी बोलली, आता किती म्हणजे? पार वाढली." त्याने कप माझ्यापुढे ठेवला. "मला वाटला, प्लास्टिक असेल. उन्हात वाढतो प्लास्टिक."

"अर्घ्य, ती फुटली."

"काय फुटली?"

"बांगडी. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. वाढली म्हणतात."

"तुम्ही लोक," तो अगदी सावकाश म्हणाला, "फुटलेला वस्तूला वाढला बोलता?"

"सगळ्या नाही."

"आणि मी हे आइसलँडला पाठवला."

नियतकालिकाच्या संपादक आइसलँडच्या होत्या. अर्घ्य स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला भीती वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण 'वाढ लक्षणीय आहे' हे शब्द डोळ्यांसमोरून जाईनात. मी हसायला लागले ते थांबेचना. चहा सांडला. शेवटी तोही हसला, पण कपाळाला हात लावून.

"आता?" तो म्हणाला.

"आता आजींकडे. पट्टी राहू दे, व्हर्नियर घे."

दार आजींनीच उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, बारीक, ताठ. अर्घ्यला बघून म्हणाल्या, "आलास का? सांगितलं न्हवं तुला, वाढली म्हणून?"

"आजी, मला कळला नाही."

"त्यात न कळण्यासारखं काय हाय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. अर्घ्यने काय लिहिलं, ते कुठे गेलं, तिथे कोण वाचणार. त्या तोंडाला पदर लावून एवढ्या हसल्या की मला त्यांना हात धरून खुर्चीत बसवावं लागलं.

"म्हंजे त्या बाईला वाटणार, आमच्याकडं बांगड्या भोपळ्यावानी वाढत्यात."

"हो आजी."

"मीच धुवायला घेतली," हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "तिचं ते टेबल, सगळी माती न् दगडं. म्हटलं ती यायच्या आत पुसून ठेवावं. बांगडीला कणीक वाळून बसलेली. धुताना हातातनं सुटली बघ. तिला अजून ठाऊक न्हाई."

"तुकडे आहेत का?"

"केरात कशी टाकीन? तुळशीत घातलेत."

अंगणातल्या कुंडीतून मी तीन मोठे तुकडे उचलले, धुतले आणि ओट्यावर पांढऱ्या कागदावर ठेवले. तुकड्याच्या दोन टोकांमधलं अंतर मोजायचं आणि मधोमध तो किती फुगला आहे ते मोजायचं. एवढ्यावरून पूर्ण वर्तुळाचा व्यास निघतो. मातीच्या भांड्याच्या खापरीवरून उत्खननवाले अख्खं भांडं असंच उभं करतात. मी मोजत होते, अर्घ्य आकडे मांडत होता, आजी माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"तुकड्यावरनं अख्खी कळती?"

"कळते, आजी. किती वाकलीय त्यावरून."

तिन्ही तुकड्यांनी जवळजवळ एकच उत्तर दिलं. सत्तावन्न मिलिमीटर आणि वर किंचित.

"सव्वादोन इंच," अर्घ्य म्हणाला. "बरोबर."

"मग मी काय सांगत होते?" आजी म्हणाल्या.

आता फक्त संपादकांना पत्र लिहायचं होतं. आजींच्या स्वयंपाकघरातच मी कच्चा मजकूर लिहायला घेतला. आमच्या भाषेत काचेची बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ आम्ही फोडत नाही, वाढवतो. संध्याकाळी दुकान बंद करत नाही, तेही वाढवतो. जे संपू नये असं वाटतं, त्याच्या संपण्याला आम्ही उलटा शब्द वापरतो. इथवर लिहून मी थांबले. माझा स्वभावच तसा आहे, वाक्य तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा शब्द सवाष्णीच्या बांगडीचा. आणि बाईंचे यजमान जाऊन वीस वर्षं झाली होती. बाईंच्या हातात मी कधी बांगडी पाहिली नव्हती. त्यांच्या बांगड्या दगडावरच असत.

मी आजींकडे पाहिलं. विचारावं की नाही ते मला ठरवता येईना.

"काय गं? काय अडलं?"

"आजी, हा चुडा बाईंचा कधीचा?"

"तिच्या लग्नातला न्हवं. सुहासनं आणलेला, शेवटच्या संक्रांतीला." त्या ओटा पुसत होत्या. "माझा पोरगा गेला त्या दिवशी चार बायका आल्या. तिला मधी बसवलं. एक जण म्हणाली, फोडा आता. मी म्हटलं, पोरगा माझा गेलाय. तिच्या काचंनं काय केलंय? सरका." फडकं त्यांनी पिळून तारेवर टाकलं. "साबण लावला न् एकेक काढली तिच्या हातातनं. एकीला चीर पडू दिली न्हाई. म्हटलं, ठेव ह्या. हातात नसतील घालू देत, तर तुझ्या दगडांस्नी घाल."

अर्घ्यला यातलं किती कळलं कोण जाणे. बहुतेक सगळंच.

"मग तवापासनं घेऊन जाती ती डोंगरात," आजी म्हणाल्या. "एखादी परत यायची न्हाई. घरी येऊन सांगायची, आत्याबाई, एक वाढली. मी म्हणायची, वाढू दे. चहा पिता का?"

आम्ही चहा प्यालो. पत्रात आधीच्या ओळी तशाच ठेवून मी शेवटी एवढंच लिहिलं की 'लक्षणीय वाढ' याचा अर्थ पूर्ण फुटली असा घ्यावा, आणि तुकड्यांची मोजमापं व गणित सोबत जोडलं.

सोमवारी उत्तर आलं. अर्घ्य वाचायला तयार नव्हता, म्हणून मीच वाचलं. संपादकांनी लिहिलं होतं, 'तुमचं शुक्रवारचं उत्तर मी दुसऱ्या परीक्षकांना पाठवलं होतं. त्यांनी विचारलं आहे की वाढीचा दर दर वर्षी किती. आता तुमचं दुसरं पत्रही त्यांना पाठवते. माझे आजोबा मासेमारी करत. त्यांच्या होडीत काही शब्द बोलायला बंदी होती आणि त्यांच्या जागी दुसरे शब्द होते. त्यामुळे मला समजलं. तुकड्यांचं गणित मी स्वतः करून पाहिलं. ते बरोबर आहे.'

त्याखाली एक ओळ सोडून होतं, 'लेख स्वीकारत आहोत.'

अर्घ्यने ती ओळ माझ्या खांद्यावरून पुन्हा वाचली, मग कॉरिडॉरमध्ये गेला आणि जिन्यातून येणाऱ्या पहिल्या माणसाला मिठी मारली. ते नेमके नखांची चौकशी करणारे सर होते.

बाई पुढच्या आठवड्यात परतल्या, उन्हाने नाक सोललेल्या. त्यांना स्टेशनवरून आणायला आम्ही दोघं आणि आजी रिक्षाने गेलो. आजी लडाखच्या थंडीचं काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "सुमन, शेवटची वाढली. माझ्या हातनं."

बाई सामान खाली ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी होईल. त्यांनी आजींचा हात उलटासुलटा करून बघितला.

"लागलं का कुठे?"

"न्हाई."

"मग वाढू दे," बाई म्हणाल्या.

रिक्षात अर्घ्यने आपला पराक्रम स्वतःच सांगितला. 'लक्षणीय' शब्दाशी बाई एवढ्या हसल्या की रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. घरापर्यंत त्या मधून मधून हसतच होत्या. दाराशी उतरल्यावर डोळे पुसून मला म्हणाल्या, "प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उद्या आण. आता निमित्त नाही."

डिसेंबरात मी प्रबंध दिला, बाई निवृत्त झाल्या. फेब्रुवारीत त्यांच्या घरच्या पत्त्यावर आइसलँडहून जाड लिफाफा आला आणि त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. लिफाफा न फोडता टेबलावर ठेवलेला होता.

"तू फोड," त्या अर्घ्यला म्हणाल्या.

"वाढवतो," तो म्हणाला.

आत नियतकालिकाचा नवा अंक होता. मुखपृष्ठावर हळवणीची दरड होती, जी आता कुठेच नव्हती. काळं, गोलसर लाव्हाचं एक बोट, त्याची करडी साल, आणि मधोमध कणकेवर टेकलेली हिरवी बांगडी. फोटो पानभर मोठा केलेला होता. बांगडी बशीएवढी दिसत होती. आत बारीक अक्षरांत चित्राची ओळ होती. मापासाठी बांगडी, आतला व्यास सत्तावन्न मिलिमीटर, डॉ. सुमन सरनाईक यांच्या संग्रहातून.

बाईंनी अंक उचलून आजींच्या मांडीवर ठेवला.

आजींनी चष्मा लावला. फोटोतल्या बांगडीच्या कडेवरून बोट फिरवत त्या पूर्ण एक वेढा घालून आल्या आणि अर्घ्यकडे बघून म्हणाल्या, "मी सांगितलं न्हवतं तुला, पार वाढली म्हणून?"